कुसुमसाठी कोरडं घर

दुर्गा ओगले हिला भिंत कळायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन ती देवासजवळच्या खेड्यातून उज्जैनला आली, तेव्हा तिचं सासर नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, तळमजल्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. क्षिप्रा फुगली की पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभं राही. नदी आपल्या जागी परत जाई, पण भिंतींत शिरलेलं पाणी संक्रांत आली तरी जायचं नाव घेत नसे. चुना फुगायचा, त्याचे पापुद्रे सुटायचे आणि पापुद्र्यांखाली मिठासारखी पांढरी भुकटी यायची. तिला सगळे लोणा म्हणत. केरसुणीने झाडून काढावा, तर चार दिवसांनी पुन्हा हजर. ट्रंका विटांवर ठेवायच्या, गाद्या उन्हाकडे धावत न्यायच्या, पापडांचे डबे चुलीवरच्या फळीवर चढवायचे, असा तिचा संसार त्या ओलीला चुकवत चुकवत चालला होता.

त्याच खोल्यांत सासूबाई तापाने गेल्या. मागे राहिले दुर्गेचा नवरा विनायक आणि त्याची धाकटी बहीण कुसुम. कुसुम तेव्हा इतकी लहान होती, की आई कुठे गेली असं तिने विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत तिला झोप लागली. झोपली ती दुर्गेच्या पदराचं टोक मुठीत धरून. दुर्गा स्वतःच नुकती परकरातून लुगड्यात आलेली. तिने तो पदर सोडवून घेतला नाही. पुढे दुर्गेला मूल झालं नाही. शेजारणी तिच्याकडे बघून हळहळायच्या. दुर्गेला त्या हळहळीचं नवल वाटे. तिच्या घरात मुलगी होती की!

मुलगी हुशार निघाली, बोलकी निघाली, आणि शाळेत जायच्या वयात तिला दमा लागला. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शिटी वाजे, दाराच्या फटीतून वारा घुसावा तशी. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी ती शाळेच्या प्रभातफेरीत झेंडा घेऊन निघाली. देवास गेटापर्यंत सगळ्यांच्या पुढे घोषणा देत गेली आणि तिथेच खाली बसली. दुर्गेने तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. वाटेत कुसुम तुटक तुटक म्हणाली, "वहिनी, झेंडा... मी पडू नाही दिला हं."

मॅट्रिक होऊन ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. स्थळं यायची. मुलगी पसंत पडायची, मग कुणीतरी कानाला लागायचं आणि पत्रं यायची थांबायची. म्हणून ओगल्यांच्या घरात एक नियम होऊन बसला होता. कुसुमच्या दम्याचं नाव बाहेर काढायचं नाही. ती शाळेत गेली नाही की 'पोट बिघडलंय', देवळात आली नाही की 'वह्या तपासतेय'.

"एवढं पोट बिघडणारी मास्तरीण कोण करून घेणार, वहिनी?" कुसुम म्हणायची. "त्यापेक्षा दमा बरा. निदान ऐकायला तरी भारदस्त वाटतो."

"थोबाड आवर," दुर्गा म्हणायची आणि ओव्याच्या पुरचुंडीने तिची पाठ शेकायची.

छप्पन सालचा पावसाळा वाईट गेला. भाद्रपदात एकदा कुसुमचे ओठ निळे झाले. विनायक आणि दुर्गेने टांगा करून तिला फ्रीगंजला, टावर चौकाजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, कुसुमला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"औषध मी देत राहीन," ते म्हणाले. "पण ही मुलगी ओलीत राहते. अशा घरात आणखी एखादा पावसाळा काढलात, तर मग माझ्याकडे आणू नका. कोरडं घर बघा. कोरडं आणि हवेशीर."

विनायक गिरणीच्या कचेरीत कारकून होता. मऊ माणूस. टांगेवाल्याशीही भाव ठरवताना त्याचा आवाज खाली जायचा. त्या दिवशी मात्र परतीच्या टांग्यातच तो म्हणाला, "भाड्याचं नको. मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. आपण घरच घेऊ. फंडातले सगळे काढतो."

सगळे म्हणजे सगळेच. एक घर चुकलं तर दुसरं घेता येणार नव्हतं. दुर्गेला ते ठाऊक होतं. तिने मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या कुसुमच्या छातीकडे बघितलं आणि ते काम आपल्या अंगावर घेतलं.

त्या वर्षी उज्जैनीत घरं विकायला निघाली होती. ग्वाल्हेरचं राज्य गेलं तेव्हा कचेऱ्यांतल्या खुर्च्या जागच्या जागी राहिल्या होत्या, फक्त भिंतीवरची तसबीर बदलली. आता त्याजागी आलेलं मध्य भारत राज्यही मोडणार, मोठा मध्य प्रदेश होणार, आणि या वेळी खुर्च्याच उचलून भोपाळला न्यायच्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे दरबारी चाकरी केलेली घरं सामान बांधू लागली. चौकात उभं राहिलं की कानावर यायचं, अमक्यांचं घर निघालंय, तमके जायच्या घाईत आहेत.

दुर्गा घरं बघू लागली. शाळा सुटली की कुसुमही बरोबर. पाऊस नुकताच सरला होता. तो मोका दुर्गेने धरला होता. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडंच दिसतं. भाद्रपद-आश्विनात ते खरं बोलतं. घरमालक वरची गच्ची, कोरीव खांब, झुंबराचा आकडा दाखवायचे. दुर्गा खाली बघायची. दाराच्या चौकटीचे पाय कुजलेत का, बिजागऱ्यांना खालच्या बाजूलाच गंज आहे का. भिंतीचा खालचा अर्धा भागच ताजा रंगवलेला दिसला की ती तिथूनच मागे फिरायची. कुठे कणगी भिंतीला खेटून उभी असेल तर सरळ म्हणायची, "जरा हलवता का?" मग तळहात भिंतीवर दाबून धरायची, आणि हातावर काय उठलंय ते बघायची. भिंतीतली कपाटं उघडून त्यांत डोकं घालून वास घ्यायची.

एका घरात म्हातारे मालक वैतागले. "बाई, घर घ्यायला आलात की झडती घ्यायला?"

कुसुम पटकन म्हणाली, "काका, आमच्या वहिनी मुलगी बघायला आल्यासारखं घर बघतात. चालून दाखव, दात दाखव, केस मोकळे सोड."

म्हातारे हसले आणि त्यांनीच सांगून टाकलं, "मग बाई, न्हाणीघराच्या मागची भिंत बघू नका. तिचे दात पडलेत."

असं करत करत नवरात्र लागलं, आणि सातव्या माळेला ते तिघं पोतनिसांच्या घरी गेले.

घर सिंहपुरीच्या अलीकडच्या एका गल्लीत होतं. नदीपासून दूर, चढावर. अरुंद पण नेटकं. दगडी जोतं, ओसरी, एक मधली खोली, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत मागे देवघर. देवघराला लागून डाव्या हाताला आणखी एक लहानशी खोली. भय्यासाहेब पोतनीस महसुलात होते. दिवाळी होताच त्यांना भोपाळला हजर व्हायचं होतं.

"या ओगले, या. बघून घ्या सगळं," ते म्हणाले. "आपल्याकडे काही झाकायचं नाही. मागल्या दिवाळीचा चुना आहे. यंदा मारलाच नाही. जायचंच आहे, तर कशाला खामखा?"

हे दुर्गेला फार आवडलं. वर्षाचा जुना चुना, एक पावसाळा खाल्लेला, आणि तरी कुठे फुगवटा नाही. तिने ओसरी हाताने चाचपली, मधली खोली चाचपली. ट्रंका सरकवल्या. चौकटीचे पाय अंगठ्याने दाबून बघितले. लाकूड टणक. स्वयंपाकघराची कपाटं हुंगली. हिंगाचा वास आला, ओलीचा नाही. देवघराशेजारच्या लहान खोलीतही भिंती कोरड्या. आणि घरभर वारा. देवघराच्या मागच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून वारा आत येई आणि सगळ्या खोल्यांतून फिरून ओसरीने बाहेर पडे.

कुसुम त्या लहान खोलीत उभी राहिली. तिने एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "शिटी नाही वाजत बघ."

आता राहिलं होतं देवघर. दुर्गा दाराशी आली. आत अहल्याबाई पोतनीस सोवळ्यात बसल्या होत्या. गुडघ्यांवर दोन्ही हात रोवून त्या कशाबशा उठल्या.

"बाई, आत नका येऊ हं बाहेरच्या लुगड्यानं. घट बसलेत, दिवा अखंड आहे. उंबऱ्यातून नमस्कार करा, पोचतो देवीला."

"नाही हो काकू, आत कशी येईन!" दुर्गा लाजून म्हणाली. तिने उंबऱ्याबाहेर गुडघे टेकले.

देवीच्या मागे झरोक्याच्या खालपासून जमिनीपर्यंत जुना जरीकाठी लाल शालू ताणून बांधला होता. त्याच्यापुढे देव्हारा, समई, फुलांच्या माळा. आणि त्या फुलांच्या, तेलाच्या, धुपाच्या वासाखालून दुर्गेच्या नाकाला एक ओळखीचा वास लागला. ओल्या मातीचा. ती जरा पुढे वाकली. मग तिला घट दिसला. पत्रावळीवर काळ्या मातीचा ढीग, त्यावर पाण्याने भरलेला कलश, मातीत पेरलेलं धान. वास तिथला होता. घटाची माती ओलीच असायची.

आणि काय ते धान! ओगल्यांकडे घट बसत नसत, पण दुर्गेच्या माहेरी बसत. तिथे नवमीला चार बोटं अंकुर आले तरी आई हरखून जायची. इथे सातव्याच माळेला ते वीतभर उंच, दाट, कलशाच्या गळ्याशी लागलेलं. दिव्याच्या उजेडात त्याला सोन्याचा रंग आला होता.

"काकू, किती जोमात आलंय!"

"आमच्याकडे दरसाल असंच येतं," अहल्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "सासूबाईंच्या वेळेपासून. जागती आहे देवी आमची. ही जागा सोडवत नाही बाई, पण सरकार बोलावतंय, काय करता?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

दुर्गेचेही डोळे भरले. ज्या घरात धान असं वाढतं तिथे लेकरू वाढणार नाही? तिने कपाळ उंबऱ्याला टेकवलं आणि मनातल्या मनात कुसुमचं नाव घेतलं. घर तिथेच ठरलं.

बाहेर आल्यावर विनायक म्हणाला, "देवघर तेवढं राहिलं बघायचं. दसरा झाल्यावर एकदा..."

"देवाच्या भिंतीला कुणी हात लावून बघतं का?" दुर्गा म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच."

दसऱ्याला भय्यासाहेब सोनं द्यायला आले. आपट्याची पानं विनायकच्या हातावर ठेवून म्हणाले, "मग पक्कं ना? दुसरा एक जण मागे लागलाय." विनायकने त्यांच्या हातावर पानं ठेवली आणि "पक्कं" म्हणाला. त्या दिवशी दिलेला शब्द मागे घ्यायची रीत नव्हती. नंतरचे कागद हे नुसते कागद.

दिवाळी झाली. नवं राज्यही झालं. पोतनीस गेले. अहल्याबाईंनी देव टोपलीत घेतले, वरून तो लाल शालू पांघरला आणि टोपली मांडीवर घेऊन टांग्यात बसल्या. वळणापर्यंत त्या मागे वळून घराकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गा आंघोळ करून, सोवळं नेसून, आपले देव ताम्हनात घेऊन त्या देवघरात शिरली. विनायकने आदल्या दिवशी ते दार उघडलंच नव्हतं. पहिला पाय देवांचा पडायला हवा होता.

मागची भिंत उघडी होती. कमरेच्या वरपर्यंत काळी. चुना कधीचाच गळून गेलेला, विटांच्या कडा खाल्लेल्या, सांध्यांतून लोणा दाढीसारखा लोंबत होता. दुर्गेने ताम्हन खाली ठेवलं आणि तळहात टेकवला. भिंत मऊ लागली, दुधात भिजलेल्या भाकरीसारखी. हात उचलला तर बोटांना वाळू चिकटून आली. त्याच वेळी भिंतीपलीकडे घंटा वाजली, आणि घंटेमागून पाण्याचा आवाज आला. कुणीतरी तांब्या रिता करत होतं.

मागे महादेवाचं लहान देऊळ आहे हे त्यांना माहीत होतं. विनायकला तर ते ऐकून बरंच वाटलं होतं. माहीत नव्हतं ते इतकंच, की पिंडीवरचं पाणी दगडी पन्हाळीतून बाहेर पडून या भिंतीच्या पायाशी उघड्या चरातून वाहत जातं. बारमास.

दुर्गा खाली बसली. त्या लादीवरच घट मांडला होता. लादीच्या फटी अजून ओल्या होत्या. मग ते वीतभर धान कशाने आलं होतं, ते तिला तिथे बसल्या बसल्या समजलं. पुष्कळ वेळ तिने देव ताम्हनातून काढले नाहीत.

अहल्याबाईंना ठाऊक होतं का? दुर्गेने हा प्रश्न त्या दिवसापासून पुष्कळ वेळा मनात उलटापालटा केला. त्या बाईने सबंध संसार त्या लादीवर पूजा केली होती, तिचे गुडघे तिथेच गेले होते. तिने शालू ताणला तो देवीसाठी. ओल तिला दिसतच नव्हती. तिला धान दिसत होतं. रागवावं असं माणूस दुर्गेला कुठे सापडेना, आणि म्हणून तो राग तिच्याच अंगावर बसला.

"मी आत गेले नाही," ती विनायकला म्हणाली.

"कशी जाणार होतीस? घट बसले होते."

"कुसुमसाठी जायला हवं होतं."

गवंडी आणले. त्यांनी भिंत खरवडली, सुरखी-चुन्याचा गिलावा केला. होळीच्या आत तो फुगला, आणि आत कोंडलेली ओल शेजारच्या लहान खोलीच्या, कुसुमच्या खोलीच्या, भिंतीत सरकली. देव स्वयंपाकघरात आणून देवघराचं दार बंद केलं, तर घरातला वारा मेला. दार उघडावं, तर झरोक्यातून येणारा वारा त्या भिंतीवरून घसटत, कुबट वास घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरायचा. नदीकाठच्या खोल्यांत निदान उन्हाळ्यात तरी कुसुमला उसंत मिळायची. इथे वैशाखात लोकांनी पिंडीवर गळतीचे मटके टांगले, देवाला गारवा म्हणून. थेंब थेंब, अखंड. बाहेर उन्हाने पाचोळा करपत होता आणि कुसुमच्या खोलीची भिंत खालून काळी होत होती.

"वहिनी, भूगोलाच्या तासाला मुलींना नकाशा काढायला देते मी," कुसुम अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची. "ही बघ, काल बंगाल होता. आज ब्रह्मदेशापर्यंत गेला."

"उद्या ते सगळं पुसून टाकते."

"नको गं. राज्यं नवीन होतायत सध्या. होऊ दे."

विनायक देवळाच्या पंचांकडे गेला. मुख्य पंच श्रीनाथजी, अत्तराचे व्यापारी, भले गृहस्थ. त्यांनी त्याला गादीवर बसवलं, कानात अत्तराचा फाया दिला.

"ओगले साहब, भोलेनाथ का पानी है, कोई मोरी का थोड़े ही है," ते म्हणाले. "दादा-परदादा के ज़माने से इधर से ही बहता आया है। लोग इसको माथे से लगाते हैं। आप कहते हो, हटा दो! दीवार ही तो है साहब, चूना मार लो।"

विनायक परत आला. दुर्गेने त्याचा चेहरा बघितला आणि विचारलं, "कुसुमचं सांगितलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "दुकानात चार माणसं होती. देवासच्या जागल्यांच्या स्थळाकडून अजून नकार आलेला नाही. आपणच तोंडाने सांगायचं, मुलीला दमा आहे म्हणून?"

ते स्थळ खरंच चांगलं होतं. मुलगा बँकेत, माणसं सुधारलेली. पत्रात त्यांनी 'मुलीचा आवाज गोड आहे' असं लिहिलं होतं. दुर्गेच्या मनात आलं, उठावं, आत्ताच्या आत्ता अत्तरवाल्याच्या दुकानात जावं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगावं. ती उठली. आतून कुसुमच्या खोकल्याचा आवाज आला, आणि ती तिकडेच गेली. त्या दिवशी ती गेली नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. पत्राची वाट बघू, एवढा महिना जाऊ दे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

आषाढात पत्र आलं. 'योग नाही' म्हणून. कुसुमने ते वाचलं, घडी केली आणि म्हणाली, "चला, बँक बुडाली."

आता लपवायला कारण उरलं नव्हतं. पण इतकी वर्षं मिटलेलं तोंड एका दिवसात उघडत नाही. दुर्गा म्हणाली, सोमवारी मी स्वतः जाईन श्रीनाथजींच्या घरी, त्यांच्या बायकोशी बोलेन. तोवर श्रावण लागला, आणि कुसुमला सोडून तिला उंबऱ्याबाहेर पडता येईना.

उज्जैनीत श्रावण दीड महिन्याचा असतो. हिंदी माणसांचा पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी. दोघांचेही सोमवार देवळात. पहाटेपासून लोटे, कळश्या, घागरी. मागच्या चरातून पाणी ओढ्यासारखं वाहू लागलं. लहान खोलीतला काळा डाग कुसुमच्या उशाच्याही वर गेला. दुर्गेने तिचं अंथरूण ओसरीवर आणलं. ओसरीवर सरी येत. पुन्हा आत नेलं. डॉक्टर येऊन सुई देऊन जायचे आणि दुर्गेशी बोलायचं टाळायचे.

अशाच एका सोमवारी दुपारी गर्दी अशी होती की रांग गल्लीत आली होती. भिंतीपलीकडे सारख्या घंटा चालल्या होत्या. कुसुम दुर्गेच्या छातीला पाठ टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. तिच्या खांद्यांची हाडं दर श्वासाला दुर्गेच्या गळ्याशी येऊन लागत.

"वहिनी," ती म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये तिला खूप अंतर चालावं लागत होतं. "तुझी... चूक नाही."

"बोलू नकोस."

"छान... होतं गं घर. त्या दिवशी."

विनायक डॉक्टरांना आणायला धावला होता. तो रांगेतून वाट काढत परत आला, तेव्हा दुर्गा तशीच बसली होती, कुसुमला दोन्ही हातांनी धरून. शिटी थांबली होती. पलीकडे कुणी मोठ्याने 'हर हर महादेव' म्हटलं आणि पाणी वाहत राहिलं.

तिसऱ्या दिवशी श्रीनाथजी भेटायला आले. शेजारधर्म म्हणून. त्यांनी विचारलं, "क्या हुआ था बिटिया को?" विनायकने दुर्गेकडे बघितलं. दुर्गा बायकांतून उठली, डोक्यावरचा पदर सावरला आणि त्यांना म्हणाली, "आइए." तिने त्यांना लहान खोलीत नेलं, मग देवघरात नेलं. त्यांचा हात मनगटाला धरून त्या भिंतीवर ठेवला. परपुरुषाच्या अंगाला तिने आयुष्यात कधी हात लावला नव्हता.

म्हाताऱ्याने हात काढून घेतला नाही. "दमा था?" त्यांनी विचारलं. दुर्गेने मान हलवली.

"अरे बेटी," ते म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया? मैं तो दीवार समझा था।"

श्रावण संपायच्या आत त्यांनी स्वतः उभं राहून चर बुजवला. पन्हाळीपासून नवी दगडी नाली काढली, देवळाला वळसा घालून पलीकडच्या बिल्वाच्या झाडाशी नेली. कुणी विरोध केला नाही. पुजारी म्हणाले, हे तर केव्हाही करता आलं असतं.

भिंत वाळायला एक सबंध वर्ष लागलं. विनायकने विटा बदलल्या, गिलावा केला, चुना मारला. पुढचा श्रावण आला, दीड महिना लोकांनी पिंडीवर पाणी ओतलं, आणि भिंतीवर एक ठिपकाही उठला नाही. दुर्गा दर सकाळी तळहात टेकवून बघायची. कोरडी. दुपारी उन्हाने जरा ऊबही येई तिला. घर तसं झालं होतं, जसं तिने सातव्या माळेला बघितलं होतं.

विनायक एकदा म्हणाला, "विकून टाकू या का? माधव नगरात कुठे तरी भाड्याने राहू." दुर्गा म्हणाली, "आता कशाला?" तो परत तसं म्हणाला नाही. घर बघायला बरोबर चला म्हणून लोक दुर्गेला बोलवायला येत. तिचं नाव झालं होतं. ती कुणाबरोबर गेली नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कचेरीत नव्याने आलेल्या एका कारकुनाची बायको हळदीकुंकवाला आली. नंदा तिचं नाव, खानदेशातली, दिवस गेलेले. उज्जैनीत कुणी ओळखीचं नव्हतं. ती घरभर कौतुकाने हिंडली, देवघरात वाकून आली, लहान खोलीच्या दारात उभी राहिली.

"किती छान घर आहे हो काकू तुमचं. आम्ही जिथे राहतो तिथे नुसती ओल. इथे कसं कोरडं, आणि वारा किती! नशीब लागतं."

दुर्गेने तिच्या कपाळाला कुंकू लावलं. हात जरा थांबला, मग तिने ओटीत तांदूळ घातले.

"बस ना," ती म्हणाली. "अवघडली असशील. त्या खोलीतच बस, गादी घातलेली असते तिथे. मी चहा टाकते."